पांढऱ्या कापडाचं झबलं

आमच्याकडं नव्या लेकराले नवं कापड घालत नाहीत. नवं घातलं तर नजर लागते म्हनतात, अन् जुनं कापड धुऊन धुऊन नरम झालेलं राहते, टोचत नाही, म्हनून पयलं झबलं, टोपडं, लंगोट, सारं जुनेराचंच शिवतात. त्यातबी आमच्या घरी बापाच्या आंगावरचं कापड लागते, कष्टाच्या मानसानं घामात भिजवलेलं, म्हनजे लेकरू बापासारखं काटक होते. माही सासू सांगे, तुह्या नवऱ्याचं पयलं झबलं त्याच्या बापाच्या धोतराचं होतं, म्हनून तर तो एवढ्या खोल इहिरीत उतरते अन् वर येऊन हासते.

मले माय नाही, म्हनून माहं बाळंतपन सासरीच झालं, वरवट बकालच्या बाजाराले पायी जाता येते अशा आमच्या गावात. पोरगी झाली तवा माह्या घरचे, पोरीचा बाप, कामावर होते, लय लांब, समुद्राच्या काठी, रेल्वेनं जा लागे. सासूनं त्यायचं गाठोडं सोडलं. आधीच्या दिवाळीले हे घरी आले तवा त्यात एक पांढरा शर्ट अन् पांढरा पायजमा आनला होता, जाड, दवाखान्यातल्या पडद्यासारखा, एवढं चांगलं कापड आमच्या घरात कधी आलंच नव्हतं. शर्टाची एक बाही फाटेल होती अन् मनगटाले बांधायले पांढऱ्या नाड्या होत्या. सासू खुश झाली, म्हने बापानं जसं लेकीसाठीच ठेवून देलं. तिनं ते सोड्याच्या पान्यात उकळलं, उन्हात टाकलं, अन् खाटेवर बसून हातानं दोन झबले अन् एक टोपडं शिवलं. मनगटाच्या नाड्या टोपड्याले लावल्या, हनुवटीखाली बांधायले. पायजम्याचं दुपटं केलं, उरलेल्या चिंध्या गोधडीत भरल्या.

पोरगी त्या दुपट्यात गुंडाळली की झोपे. दुसऱ्या कशात झोपत नव्हती. म्हनून रातदिवस तिच्या आंगावर तेच राहे, अन् मी तिच्या डोक्याले नाक लावून बसे, टोपड्याले दुधाचा वास येत होता.

माह्या घरचे इहिरी बांधनारे. आतून गोल भिंत बांधायची, गिलावा करायचा, लोंबकळत्या फळीवर बसून, हे काम सगळ्याले जमत नाही. आमच्या भागाचं पानी खारं, चहात टाकलं की दूध फाटते, म्हनून लोकं संग्रामपूरच्या पुढं, पहाडाच्या अंगाले गोड पान्यासाठी इहिरी खंदतात, अन् यायले तिकडं बलावतात. पन ते काम सहा महिने राहे, बाकी महिने बसून. तवा एक मुकादम आला, गोल बांधकाम करनारे मानसं पायजेत म्हने, तिकडं समुद्राकाठी अणूची वीज बनते तिथं. हे गेले. पयल्यांदा परत आले तवा मी विचारलं का तिथं काय जाळतात. ते म्हने काहीच जाळत नाहीत, धूर नाही, राख नाही, भट्टी नाही, नुसता एक मोठा घुमट आहे अन् चारी बाजूनं तारा जातात. मले ते लय चांगलं वाटलं. माहे डोळे चुलीच्या धुरानं लाल झालेले राहतात, कपाशीच्या पराटीच्या काड्या पावसाळ्यात पेटत नाहीत, फुकून फुकून छातीत दुखते, तर मले वाटलं किती साफ काम आहे ते, अन् माहा नवरा तिथं आहे.

पोरगी मान धरायले लागली तवा हे घरी आले. लेकीसाठी सुट्टी देली म्हने मुकादमानं, चांगली दोन महिन्याची. मी त्या मुकादमाले मनातल्या मनात हात जोडले.

हिवाळा लागेल होता. मी बाजारात गेली, पोरगी कडेवर, आंगात पांढरं झबलं, डोक्याले टोपडं, वरून दुपटं. भाजीवाल्या बसतात त्याच्या पलीकडं निंबाच्या झाडाले दोर बांधून त्याच्यावर चित्रं टांगली होती, आपन कपडे वाळू घालतो तशी, चिमटे लावून. सायकलीवर आलेले चारपाच शिकलेले पोट्टे-पोट्ट्या होते, अन् त्यायच्यात एक वयस्क बाई, कॉलेजात शिकवते म्हने. खाली एक पेटी मांडली होती, आत काळा रंग, झाकनाले आरसा, उन्हात ठेवेल, अन् तिच्यातल्या डब्यात भात शिजून राह्यला होता. लोकं भाताले पायत होते, चित्राले कोनी पायत नव्हतं.

एक बुढा म्हने, "बाई, पावसाळ्यात मंग चार महिने उपास धरा लागन वाटते."

बाई हासली. म्हने, "पावसाळ्यात गोबर गॅस आहे ना काका. तुमचे बैल काय पावसाळ्यात उपास धरतात?"

लोकं हासले, मीबी हासली. मले ती पेटी पायची होती, धूर नाही म्हनून. पेटीकडं जाता जाता मी दोराजवळून गेली, अन् तिथं थांबली.

एका चित्रात एक मानूस होता. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, पायात रबराचे बूट, छातीवर एक चौकोनी पट्टी. खाली लेहेल होतं ते मी जुळवून जुळवून वाचलं, मी पाचवीपर्यंत शिकली आहे, अणुवीज केंद्रात आत काम करणारा मजूर. बाजूच्या चित्रात लेकरं होती, परदेशातली, हातापायानं वाकडी, त्यायच्याकडं मी एकदाच पायलं अन् मंग पायलं नाही. मी त्या मानसाच्या मनगटाकडं पायत होती. मनगटाले पांढऱ्या नाड्या होत्या. त्याच नाड्या माह्या पोरीच्या हनुवटीखाली बांधेल होत्या, मीच सकाळी गाठ मारली होती.

एक पोट्टी लोकायले समजावून सांगत होती का अणूचं जहर दिसत नाही, याले वास नाही, चव नाही, कापडाले लागते, केसाले लागते, अन् लहान लेकराले सगळ्यात जास्त बाधते. मले तिचं बोलनं ऐकू येत होतं अन् माहे हात आपल्या आपनच चालून राह्यले होते. गाठ सुटेना. दातानं सोडली. टोपडं काढलं, दुपटं काढलं, झबलं डोक्यावरून ओढलं, पोरगी केकाटली, थंडीचं वारं होतं, मी तिले पदरात गुंडाळून छातीशी धरलं. भाजीवाली वरडली, "काय करून राह्यली वं? वारं लागन लेकराले." कपडे दुसऱ्या हातात होते अन् ते कुठं ठेवा हे कळेना. खाली टाकले तर तिथं लेकरं खेळतात, टोपलीत मेथी अन् वांगे होते. मी दोन बोटानं धरून उभी राह्यली.

मंग ती बाई आली. तिनं मले निंबाखाली बसवलं, आपल्या आंगावरची शाल पोरीवर टाकली, एक मेनकापडाची पिशवी माह्यासमोर उघडी धरली, मी कपडे त्यात सोडले. मी तिले सारं सांगतलं, एका दमात, नवरा कुठं कामाले आहे, कापड कसं आलं, सासूनं कसं शिवलं. मी विचारलं का याच्यात ते जहर आहे का. मले वाटलं ती हाव म्हनन नाहीतर नाही म्हनन.

"मला सांगता येत नाही," ती म्हने. "मोजायचं यंत्र असतं, ते आमच्याकडे नाही. कोऱ्या साठ्यातले कपडे असतील तर काहीच नाही. आत वापरलेले असतील तर मला माहीत नाही. तुम्हाला खोटा धीर देऊन मी सायकलवर बसून निघून जाईन, आणि तुम्ही इथेच राहाल. आधी त्यांना विचारा, कपडे कुठून आणले."

अन् जाळू नका म्हने, धूर होईल. नदीत टाकू नका. पोरीले गरम पान्यानं चांगली आंघोळ घाला.

मी घरी कशी आली ते मले आठवत नाही. मेथीची टोपली बाजारातच राह्यली.

हे गोठ्याच्या भिंतीले गिलावा करत होते. सासू दारात सुपानं ज्वारी पाखडत होती. मी पयले पोरगी घासून घासून धुतली, ती लाल झाली, तरी मी पानी टाकतच होती. सासू म्हने आता काय कातडं काढते का तिचं. मंग मी पिशवी घेऊन गोठ्यात गेली अन् यायले विचारलं का हे कपडे साठ्यातले होते का आतले.

आधी ते हासले. बाजारात लोकं काहीबी सांगतात म्हने, आम्ही एवढे मानसं काम करतो तिथं, साहेब लोकंबी राहतात, त्यायच्या बायका राहतात. मी म्हटलं ते राहू द्या, कपडे कुठचे ते सांगा. तवा त्यायचा थापीवरचा हात थांबला. सिमेंट वाळत चाललं होतं तरी ते थांबले, अन् मंग सांगतलं. आत जायच्या आधी ते कपडे देतात, बाहेर येताना काढून एका पिवळ्या डब्यात टाका लागतात. ज्याचे फाटतात ते वेगळ्या डब्यात, त्यायले धूत नाहीत, फेकून देतात. यायची बाही सळाकीले अडकून फाटली होती.

"एवढं जाड कापड," ते म्हने. "एक बाही फाटली म्हनून फेकून राह्यले होते. माह्या जिवाले लागलं."

मले समजलं. आमच्या घरात सुतळीचा तुकडा फेकत नाहीत. मीबी तेच केलं असतं, दुसऱ्या कोनी केलं नसतं, तिथल्या साहेबानं केलं नसतं, पन आमच्या गावच्या कोन्याही मानसानं केलं असतं.

मी म्हटलं, आता सुट्टी संपली की जाऊ नका, मुकादमाले सांगा.

ते थापी धुवायले लागले. खाली पाहूनच म्हने, "सुट्टी नव्हती वं ते. माह्या वाटचं भरलं म्हनून घरी धाडलं."

"काय भरलं?"

"छातीवर पट्टी राहते. आंगाले किती लागलं ते तिच्यावरून काढतात. मानसाच्या वाटचं भरलं की त्याले घरी धाडतात, दुसरा घेतात."

"मंग किती लागलं तुमाले?"

"मले काय मालूम? ते दिसतच नाही तर."

दारातला सुपाचा आवाज थांबला होता. सासूनं सारं ऐकलं होतं. ती आत गेली, दुसरं झबलं पिशवीत टाकायले आनलं, गोधडी आनली, अंगनात बसून तिनं सारी शिवन उसवली, ज्या चिंध्या पांढऱ्या होत्या त्या वेगळ्या काढल्या, मंग इचार केला अन् वेगळ्या केलेल्या पुन्हा मिसळल्या अन् सारीच गोधडी पिशवीजवळ ठेवली. तिच्या सासूच्या हातची गोधडी होती ते. मंग ती मोरीत जाऊन हात धूत बसली, लय येळ.

ते कुठं टाका यावर आमचं एकमत होईना. सासू म्हने उकिरड्यात पुरा. मी म्हटलं उकिरडा तर वावरात जाते. इहीर नको, नाला नको, मसनवट्यात पुरलं तर लोकं विचारतीन. हे शेवटी म्हने का मले जागा मालूम आहे. यायले जमिनीखालून पानी कुठून वाहते ते कळते, हेच त्यायचं काम, अन् पहाडाच्या अंगाले एक माळ आहे तिथं त्यायनं एकदा लय खोल खंदलं होतं तरी ओल लागली नव्हती, त्या शेतवाल्यानं यायले शिव्या देल्या होत्या. तिथं आमी तिघं सकाळी गेलो, पोरगी सासूच्या लुगड्याच्या फाडेल पट्ट्यात गुंडाळलेली. यायनं मुरूम फोडला, खाली खडक लागेपर्यंत गेले, अन् मंग खड्ड्याले आतून सिमेंट लावायले बसले. सासू म्हने, "एका झबल्याले एवढी इहीर?" ते म्हने तिथं असंच करतात. चांगला घोटून गिलावा केला त्यायनं, जसं कोनी पानी प्यायले येनार आहे. पिशवी ठेवली, गोधडी ठेवली, वरून फरशी, वरून सिमेंट, वरून मुरूम. सासूनं नवी इहीर पुजायच्या सवयीनं कमरेचा कुंकवाचा डबा काढला, उघडला, मंग पुन्हा बंद करून कमरेले खोसला.

मुकादम आला तो सुट्टी संपायच्या आधीच आला. खाटेवर बसला, गूळ-पानी घेतलं. आमच्या गावचे दोनचार जनं जमले. मुकादम म्हने, चला, तिकडं मानूस कमी पडून राह्यला. हे म्हने माह्या वाटचं भरलं आहे, तुमीच धाडलं. मुकादम हासला. म्हने त्याचं काय, दुसऱ्याच्या नावानं पास काढू, नवी पट्टी, नवं खातं, कोनाले कळते.

मी दाराआड उभी होती, पोरीले पाजत. यायले बाहेरचं काम नव्हतं, इहिरीचे दिवस आनखी लांब होते, अन् मुकादम पैसा वाढवून देत होता. मले वाटलं हे जातीन. मी देवाले काही म्हटलंबी नाही, नुसती पोरीचं डोकं धरून उभी राह्यली.

हे म्हने, "नाव दुसऱ्याचं राहीन. आंग तर माहंच राहीन ना."

मुकादमानं चार लोकायकडं पायलं. म्हने, बायकोनं बाजारात चित्रं पायली अन् हा भ्याला. घरात बल्ब पायजेत, मोटारीले लाईन पायजेत, अन् वीज बनवायले जायची छाती नाही. लोकं हासले. हे हासले नाहीत, उठलेबी नाहीत. मुकादम गेला तो एकटा गेला नाही, आमच्या शेजारचा गडी त्याच्यासंगं गेला, नवं लग्न झालेला. माह्या घरच्यायनं त्याले अडवलं, सारं सांगतलं, पट्टीचं, कपड्याचं. तो म्हने, भाऊ, तू कमावून आला अन् आता आमाले शिकवते.

त्या बाईनं आमचा पिच्छा सोडला नाही. ती बसनं येई, पायी गावात येई, पोरीले पाहून जाई. तिनंच एका डाक्टरले दाखवलं. डाक्टरनं पोरीच्या गळ्याले हात लावला, पोट दाबलं, डोळे पायले, रक्त काढलं, अन् म्हने आता तरी काही दिसत नाही. सासू खुश झाली, नारळ फोडला. मी त्या "आता तरी" वर अडकली. अजूनबी अडकेल आहे. पोरीले ताप आला की गावातल्या सगळ्या लेकरायले ताप असते तरी मले ते आठवते. तिचा दात उशिरा आला तवा मी रोज बोटानं हिरडी चाचपून पाहे.

बाईनं एकदा मले मेहकरले नेलं, सभा होती. मी आधी शाळेजवळच्या मंदिराच्या दरवाज्यापर्यंत जाऊन आली. शाळेच्या खोलीत मानसं बसले होते, बायकाबी होत्या, मास्तर, वकील, कास्तकार, भिंतीले तेच चित्रं. आधी म्हने अशा सभेले दहाबी जनं येत नसत, त्या दिवशी खिडक्यायतबी लोकं होते. मले उभं केलं. मी सांगतलं का माह्या पोरीचं पयलं झबलं अणूच्या कपड्याचं होतं, एवढंच, पुढचं तोंडातून आलं नाही, मी बसली. मंग मागून एकानं विचारलं, चांगल्या मानसानं, खुन्नस नव्हती, का ताई, मंग आमी अंधारात राहा का. बाईनं त्याले लय येळ सांगतलं, पान्याची वीज, वाऱ्याची, उन्हाची, शेनाचा गॅस. आमच्याबी घरी बल्ब आहे. तो लागते तवा मी त्याच्याखाली पोरीचे डोळे पायते.

पन शेनाचं काम यायले सापडलं. गोबर गॅसचा खड्डा म्हनजे इहीरच, गोल बांधायची, आतून गिलावा करायचा, थेंब झिरपला नाही पायजेत. बाईच्या वळखीच्या मानसानं यायले एकदा दाखवलं, दुसऱ्या खेपेले हेच त्याले दाखवायले लागले. पयला खड्डा आमच्याच अंगनात खंदला, सरकारची मदत भेटली, वरची लोखंडी टाकी बैलगाडीतून आली तवा सारा गाव पायले आला. सासू मात्र रुसून बसली. गवऱ्या कशाच्या थापू म्हने, अन् देवाचा निवद काय आता शेनाच्या हवेवर शिजवा? शेजारची म्हने, गवरीवर शिजवत होती तवा ते काय चंदन होतं? त्याच्यावर सासूबी हासली.

मले मात्र भेव होतं. गॅस म्हटला की मले भडका दिसे. खड्डा भरला, रोज शेन कालवून टाकलं, टाकी हळूहळू वर आली, पयला गॅस सोडून देला, त्याले सडक्या अंड्याचा वास आला. दुसऱ्या खेपेले यायनं शेगडीची तोटी फिरवली अन् काडी लावली. दुपार होती. मी पोरीले घेऊन दारापाशी उभी होती, पळायले. मले काही दिसेना. मी म्हटलं पेटलंच नाही. हे म्हने पेटलं आहे, निळी ज्योत आहे, उन्हात दिसत नाही. पुन्हा न दिसनारं काहीतरी माह्या घरात, माह्या चुलीपाशी. मी मागं सरली.

सासूनं पुढं होऊन शेगडीवर हात धरला, झटकन मागं घेतला. "हात लाव," ती मले म्हने. "हा जाळ सांगते तरी, मी इथं आहे म्हनून."

मी हात धरला. गरम लागलं. मी पोरीले खाली ठेवलं अन् चहा मांडला. गोड पान्याचा हंडा होता त्यातलं पानी टाकलं, दूध फाटलं नाही.

आता हे गावोगाव खड्डे बांधतात. शेजारचा गडी दोनदा येऊन गेला, धडधाकट दिसते, जाड बूट घालून फिरते, माह्या घरच्यायले पाहून हासते. त्याची बायको मले हळूच विचारते का तुही पोरगी बरी आहे ना. मी हाव म्हनते. ती काऊन विचारते ते मले कळते, तिचंबी पोट दिसायले लागलं आहे. मी तिले एकच सांगतलं, त्याच्या गाठोड्यातलं काही शिवू नको. ती म्हने, सासू आयकन का?

मलेबी पुन्हा दिवस गेले आहेत. यायनं काम सोडल्याले काही वर्षं झाली, पन आंग तर तेच आहे, जे त्या घुमटात जाऊन आलं, अन् पोटातलं लेकरू त्याच आंगाचं. हे मी कोनाले बोलत नाही. बाईले एकदा विचारलं होतं. ती म्हने मला माहीत नाही, अन् माहा हात धरून बसून राह्यली. ती कधी खोटं बोलली असती तर मले बरं वाटलं असतं असं कधी कधी वाटते.

काल सासूनं जुनेर काढायले पेटी उघडली. आपलं लुगडं काढलं, बापाचं नको म्हने आता. हे बाहेरून आले तवा सासूच्या मांडीवर लुगडं होतं अन् तिनं ते झटकन झाकलं. यायनं पायलं. आंगातला शर्ट काढला, खड्ड्यायच्या कामाचा, कोपरावर दोन ठिगळं, काखेत फाटेल, अन् सासूच्या नाही, माह्या पुढं ठेवला.

"हा चालन का?" त्यायनं विचारलं.

मी शर्ट हुंगला. आता मी सारंच हुंगते, वास नसते ते मालूम असून. शेनाचा वास होता, सिमेंटचा, बिडीचा, यायच्या घामाचा. पोरगी येऊन माह्या पाठीले लटकली, बाबाचा शर्ट काऊन हुंगते म्हने. भेव शर्टाचं नव्हतं. मी यायच्या आंगाकडं पायलं, बरगड्या दिसत होत्या, छातीवर जिथं पट्टी राहे तिथं काहीच निशानी नव्हती.

मी कात्री घेतली अन् पाठीचा कपडा कापला, तिथं सगळ्यात नरम असते. सासूनं सुई-दोरा माह्याकडं देला, तिले आता बारीक दिसत नाही. दोरा सुईच्या डोळ्यात जाईना. मंग यायनं माह्या हातातून सुई घेतली, उजेडाकडं तोंड केलं, दोऱ्याचं टोक ओठानं ओलं केलं, अन् ओवून देलं.